निवडलेली ओळ नक्की कोणती?

मागच्या व्याख्यानात आपण जावा स्विंगमधल्या जेटेबलवर विद्यार्थ्यांची यादी दाखवली. आज त्यातली निवडलेली ओळ काढून टाकायची आहे. काम सोपं दिसतं, पण इथेच भलत्याच विद्यार्थ्याची नोंद उडू शकते. ती कशी, ते पाहू.

कोणती ओळ निवडली आहे, हे ‘गेट सिलेक्टेड रो’ ही मेथड सांगते. (कोडमध्ये ही नावं सलग लिहायची, मध्ये जागा नाही.) ती ओळीचा क्रमांक देते. मोजणी शून्यापासून, म्हणजे तिसऱ्या ओळीचा क्रमांक २. काहीच निवडलेलं नसेल तर उत्तर येतं उणे १. त्यामुळे पहिली तपासणी हीच करायची: उणे १ आलं तर ‘आधी ओळ निवडा’ असं सांगून थांबायचं.

आता खरी मेख. हा क्रमांक पडद्यावरच्या ओळीचा आहे, मॉडेलमधल्या नोंदीचा नाही. जावा ६ पासून ‘सेट ऑटो क्रिएट रो सॉर्टर’ला ट्रू दिलं, की स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करून यादी क्रमाने लावता येते. तेव्हा फक्त दिसणं बदलतं. मॉडेलमधल्या नोंदी जागच्या हलत नाहीत.

समजा, मॉडेलमध्ये सुनील, अनिता, मीना असा क्रम आहे. नावाच्या शीर्षकावर क्लिक केलं, की पडद्यावर अनिता, मीना, सुनील. आपण अनिताची ओळ निवडली. क्रमांक आला ०. तोच डिफॉल्ट टेबल मॉडेलच्या ‘रिमूव्ह रो’ला दिला, तर उडतो सुनील! आणि एररही येत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. मिळालेला क्रमांक आधी ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’ला द्यायचा. इथे उत्तर येईल १, आणि १ म्हणजे अनिताच.

एकाहून जास्त ओळी काढायच्या असतील, तर ‘गेट सिलेक्टेड रोज’ने सगळे क्रमांक घ्यायचे, आधी सगळेच मॉडेलच्या क्रमांकात बदलायचे आणि मग मोठ्याकडून लहानाकडे काढत जायचं. वरची नोंद आधी काढली, तर खालच्या सगळ्या एकेक जागा वर सरकतात आणि आपल्या हातातले क्रमांक चुकीचे ठरतात.

यादी क्रमाने लावली नसेल, तेव्हा दोन्ही क्रमांक सारखेच असतात, म्हणून चुकीचा कोडही बरोबर वाटतो. तेव्हा तपासताना आधी शीर्षकावर क्लिक करायचं, मगच ओळ काढून बघायची.