पाहिले, पण दिसले नाही!

भर दुपारी मोटारसायकलचा दिवा लागलेला दिसला, की समोरून येणारा एखादा भला माणूस हाताची मूठ उघडझाप करून खूण करतो. 'लाइट चालू राहिलाय' हे सांगण्यामागे त्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो बंद करण्याचे बटणच गाडीला नसते. दिवसाढवळ्या दिवा कशासाठी, असे अनेकजण आजही विचारतात. त्याचे उत्तर गाडीच्या यंत्रात नाही, माणसाच्या डोळ्यात आहे. म्हणूनच हा विषय आज आरोग्याच्या सदरात घेतला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवरचे होते. म्हणजे रस्त्यावर जीव गमावणाऱ्या दर शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक! आणि अपघातांचा सर्वांत मोठा वाटा संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत पडतो. धडक दिलेल्या वाहनाचा चालक पुष्कळदा एकच वाक्य बोलतो, "मला तो दिसलाच नाही." आपण त्याला खोटारडा ठरवून मोकळे होतो. पण प्रत्येक वेळी तो खोटे बोलत असतो असे नाही.

डोळा कसा पाहतो?

समोरचे सगळे दृश्य आपल्याला एकसारखे स्पष्ट दिसते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या पडद्यावरचा अगदी लहानसा भागच बारकावे टिपतो. हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा व्यापली, साधारण तेवढेच एका वेळी नीट दिसते. बाकीचे अंधुक असते. म्हणून डोळा सतत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या घेतो आणि उडी सुरू असताना टिपलेले चित्र मेंदू टाकून देतो. फाट्यावर थांबलेला चालक घाईघाईने डावीउजवीकडे मान फिरवतो, तेव्हा दोन उड्यांच्या मधल्या फटीत एखादी सडपातळ दुचाकी सहज निसटते. ट्रक वा बस अशी निसटत नाही.

दुसरी अडचण अंतराच्या अंदाजाची. समोरून येणारी वस्तू डोळ्यांत जसजशी मोठी होत जाते, त्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. दुचाकीचा आकार मुळातच लहान. ती बराच वेळ लहानच भासते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम मोठी होते. 'अजून लांब आहे' असे समजून चालक गाडी वळवतो, तोवर दुचाकी अंगावर आलेली असते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे जाते, हे ध्यानात ठेवावे.

रात्री यात भर पडते. कारच्या दोन दिव्यांमधले अंतर पाहून ती किती लांब आहे याचा अंदाज येतो. दुचाकीला एकच दिवा. त्यात एक दिवा बंद पडलेला ट्रॅक्टर समोरून आला, तर ती दुचाकी की ट्रॅक्टर हेही कळत नाही.

तिन्हीसांजेचा धोका

दिवेलागणीची वेळ डोळ्यांसाठी सर्वांत अवघड. उजेडात काम करणाऱ्या पेशी थकतात आणि अंधारात काम करणाऱ्या पेशी अजून पुरत्या जाग्या झालेल्या नसतात. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. शिवाय अशा अंधुक उजेडात लाल रंग लवकर काळपट दिसू लागतो. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ पुर्किंये यांनी ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवली आहे. दुपारी लालभडक वाटणारा शर्ट संध्याकाळी सातला जवळजवळ काळाच ठरतो.

आता आपल्या कोपरगावचे चित्र पाहा. डिसेंबरमध्ये सहाच्या आत सूर्य मावळतो. त्याच सुमारास ऊसतोडणीचा हंगाम भरात असतो. तालुक्यातील साखर कारखान्यांकडे उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघालेले असतात. पाचट पेटवल्याचा धूर, गोदाकाठचे धुके, रस्त्याची धूळ आणि त्यातून शिर्डीकडे धावणारी भाविकांची वाहने. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेला कामगार, क्लासहून परतणारी मुलगी, संध्याकाळचे दूध घालायला निघालेला शेतकरी हे सारे याच वेळी दुचाकीवर असतात. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. दुचाकीस्वाराला नगर-मनमाड रस्ता, पुणतांबा फाटा आणि खेड्यांकडे जाणारे अरुंद रस्तेच वापरावे लागतात.

अनुभव काय सांगतो?

मलेशियात आपल्यासारख्याच दुचाकी पुष्कळ. तेथे १९९२ साली दुचाकीचा दिवा दिवसाही लावणे सक्तीचे झाले. त्यानंतर, दुचाकी न दिसल्यामुळे होणाऱ्या अपघातांत सुमारे २९ टक्के घट झाल्याचे तेथील अभ्यासकांना आढळले.

न्यूझीलंडमधील ऑकलंड भागात जखमी झालेल्या आणि न झालेल्या दुचाकीस्वारांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. चमकणारे किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना अपघाती इजेचा धोका ३७ टक्के कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांना तो २४ टक्के कमी आणि दिवसा दिवा लावणाऱ्यांना २७ टक्के कमी होता. पांढऱ्या हेल्मेटला काळ्यापेक्षा एक रुपयाही जास्त पडत नाही. तरीही दुकानात गेल्यावर आपली मुले काळेच हेल्मेट उचलतात!

मागून आपण कसे दिसतो?

पुढच्या दिव्याची काळजी सगळे घेतात, कारण त्याच्या उजेडात स्वतःला रस्ता दिसतो. मागचा दिवा मात्र दुसऱ्यासाठी असतो, म्हणून तो महिनोन् महिने बंद असला तरी मालकाला पत्ता नसतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावले की इंडिकेटर झाकले जातात. गवताचा भारा किंवा खताची गोणी आडवी बांधली की मागचा दिवा दिसेनासा होतो. चिखलाचा थर तर पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत निघत नाही. नियमाने दुचाकीच्या मागे लाल रिफ्लेक्टर असलाच पाहिजे. पण तो तुटल्यावर पुन्हा बसवणारे थोडेच.

गडद कपड्यातला माणूस गाडीच्या डिपरच्या उजेडात साधारण २५-३० मीटरवर आल्यावर दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला चालकाला भान येऊन पूर्ण थांबेपर्यंत ४५ ते ५० मीटर लागतात. हिशेब उघड आहे. ब्रेक उत्तम असूनही ती गाडी वेळेत थांबू शकत नाही. रिफ्लेक्टरची पट्टी मात्र शंभर मीटरहून अधिक अंतरावरून चमकते. तिच्यातील बारीक काचमणी किंवा लोलक आलेला प्रकाश इतस्ततः न पसरवता आला त्या दिशेलाच, म्हणजे चालकाकडे, परत पाठवतात.

येथे एक फरक समजून घ्यावा. भडक पोपटी किंवा नारिंगी जाकीट दिवसा उठून दिसते, पण रात्री दिव्याच्या झोतात त्याचा विशेष उपयोग नाही. रात्रीसाठी रिफ्लेक्टरची पट्टीच हवी. दोन्ही एकत्र असलेले जाकीट सर्वांत उत्तम.

काय करावे?

१) गाडी जुनी असली तरी दिवसा पुढचा दिवा डिपरवर लावूनच चालवावी. जुन्या अनेक गाड्यांत इंजिन मंद झाले की दिवाही मंद होतो. अशी गाडी मेकॅनिकला दाखवून दिवा दुरुस्त करून घ्यावा.

२) आठवड्यातून एकदा रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून पाहावा. भिंतीवरचा लाल उजेड वाढला नाही, तर ब्रेकचा दिवा बंद आहे असे समजावे.

३) मागे लाल व बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावावी. कॅन, गोणी, भारा नेत असल्यास दिवे झाकले जाणार नाहीत असे बांधावे आणि ओझ्यालाही मागून पट्टी लावावी.

४) हेल्मेट पांढरे किंवा फिक्या रंगाचे घ्यावे. रेनकोट आणि स्वेटर घेतानाही काळा व गडद निळा रंग टाळावा.

५) बाजारातले डोळे दिपवणारे जादा दिवे बसवू नयेत. समोरच्याचे डोळे दिपले की काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही आणि त्या काही सेकंदांत समोर आपणच असतो. वाहन समोर येताच अपरचा डिपर करावा.

६) फाट्यावर उभ्या असलेल्या वाहनाने आपल्याला पाहिलेच नाही, असे गृहीत धरून वेग कमी करावा.

चालकांनी डोळे तपासावेत

न दिसण्याचा दोष नेहमी दुचाकीचाच असतो असे नव्हे. वय वाढते तशी बाहुली लहान होते व डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्याभोवती वलये दिसतात आणि शेजारची दुचाकी त्या झगमगाटात हरवते. मधुमेह पडद्याला इजा करतो व सुरुवातीला काही कळतही नाही. चाळिशीनंतर प्रत्येक चालकाने दर वर्ष-दोन वर्षांनी आणि मधुमेह असल्यास दरवर्षी नेत्रतपासणी करून घ्यावी. 'रात्रीचे' म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचांचे चष्मे उपयोगाचे नाहीत. ते डोळ्यात जाणारा उजेड आणखी कमी करतात. दारूच्या अमलाखाली डोळे उघडे असूनही माणूस पाहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दिसण्याची इतकी तयारी केली म्हणून हेल्मेटला सुटी मिळत नाही. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ दुचाकीवरचे लोक मरण पावले. दिवा आणि पट्टी अपघात टाळण्यासाठी, तर हेल्मेट टळला नाहीच तर जीव वाचवण्यासाठी. रिफ्लेक्टरची पट्टी दोन-चार चहांच्या किमतीत मिळते आणि ती चिकटवायला पाच मिनिटे पुरतात. आज संध्याकाळी घरातली दुचाकी बाहेर निघण्यापूर्वी तिच्या मागे जाऊन एकदा उभे राहावे आणि ती अंधारात किती दिसते ते पाहावे.