धूर घालवणारी चूल, धूर जाळणारी चूल

आम्हा कवी मंडळींचं धुरावर फार प्रेम. संध्याकाळ झाली, धाब्याच्या घरांवरून धूर वर चढू लागला, की आमची लेखणी हलू लागते. मराठीत काय आणि उर्दूत काय, चुलीपुढे बसून पदरानं डोळे पुसणारी आई आमच्या ओळींतून किती वेळा येऊन गेली, त्याला गणती नाही. ती डोळे का पुसते, याची उत्तरंही आम्हीच दिली. कुणी म्हणालं दुःख, कुणी म्हणालं गरिबी, कुणी माहेरची आठवण. त्या धुरात असतं तरी काय, हे विचारायला मात्र आमच्यापैकी फारसं कुणी गेलं नाही.

मी इंजिनिअर नाही, बी.ए. झालेला माणूस आहे. पण माझ्या नात्यागोत्यातली आणि ओळखीची बरीच घरं छत्रपती संभाजीनगरच्या कडेला आहेत. हर्सूल, मिटमिटा, नारेगाव अशा भागांत. या घरांत गॅस आला आहे. तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी बहुतेक ठिकाणी लाकडावरच होतं, कारण सिलिंडर पुरवून वापरावा लागतो. पूर्वी आजूबाजूला मोकळं रान होतं, धूर कुठंही गेला तरी चालत असे. आता चुलीच्या भिंतीला लागून तीन मजली घर उभं राहतं आणि धूर शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. मग भांडणं होतात. अशा घरांतून प्रश्न येतो, ‘भाईजान, चूल तर ठेवावीच लागणार. कोणती घ्यावी?’

आधी धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि वाफा निघतात. आपल्याला जी ज्वाळा दिसते ती या वायूंची. लाकडातल्या एकूण उष्णतेचा निम्म्याहून मोठा वाटा या वायूंत असतो, उरलेला कोळशात. वायूंना पुरेशी हवा, पुरेशी धग आणि जळायला थोडी जागा मिळाली, तर ते जळून जातात. यातलं एकही कमी पडलं की ते अर्धवट जळून बाहेर पडतात. तोच धूर. म्हणजे धूर हे न जळलेलं सरपण आहे. डोळे चुरचुरतात ते वेगळंच, पण पैसे देऊन आणलेलं किंवा डोक्यावरून वाहून आणलेलं लाकूड आपण छपरातून बाहेर सोडत असतो.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर नानाच्या भट्टीवर जावं. आपल्या नानखलियाची कीर्ती मी नव्यानं सांगायला नको. भट्टी पेटवताना गल्लीत उभं राहवत नाही. पण लाकडं जळून निखारे झाले आणि नान भिंतीला लागू लागले, की धुराचं नाव नसतं. वायू आधीच निघून गेलेले असतात आणि मागे कोळसा उरलेला असतो.

आता चुलींचे दोन प्रकार ध्यानात ठेवले की निवड सोपी होते. एक चूल धूर घराबाहेर घालवते, दुसरी धूर जाळते. आपल्याकडे ‘निर्धूर चूल’ या एकाच नावाखाली दोन्ही विकल्या गेल्या, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

धूर घालवणारी चूल आपल्या ओळखीची आहे. मातीचं बांधकाम, एक चूल, शेजारी वैल आणि मागं धुराडं. तिचा इतिहास मोठा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या चळवळीतून ‘मगन चूल’ आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि 1953 साली ‘कोट्यवधींसाठी धूररहित स्वयंपाकघर’ अशा अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तकच काढलं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे ही आपल्याच राजधानीतली गोष्ट. पुढं केंद्र सरकारनं 1983च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. तो 2002 पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या.

आज त्यातल्या किती पेटतात? खेड्यात फिरणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे. कुणाचं धुराडं काजळीनं बुजलं, कुणाच्या चुलीला पातेलंच बसेना, कुणी वैलात मिठाची बरणी ठेवली. ओडिशात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढं तो फायदा उरला नाही. चुली दुरुस्त झाल्या नाहीत, साफ झाल्या नाहीत, आणि लोक जुन्या चुलीकडे वळले. माझ्या मते दोष बायकांचा नव्हे. ज्यांनी कधी भाकरी थापली नाही त्यांनी चुलीचं माप ठरवलं, की असंच होणार.

आणि धुराडं अगदी स्वच्छ असलं तरी ते करतं काय? घरातला धूर गल्लीत सोडतं. एकट्या वस्तीवर, शेतात, हे ठीक आहे. दाट वस्तीत तोच धूर खिडकीतून परत येतो. लंडननं याची फार मोठी किंमत मोजली. डिसेंबर 1952 मध्ये कोळशाचा धूर पाच दिवस शहरावर साचून राहिला आणि हजारो माणसं मेली. त्यानंतर 1956 साली कायदा झाला आणि ‘धूर नियंत्रण क्षेत्रं’ ठरली. अशा भागात एकतर मान्य इंधन जाळायचं, नाहीतर कमी धुराची म्हणून तपासून मंजूर झालेली चूल वापरायची, असा नियम तिथं आजही आहे.

आपल्याकडे असं काही नाही असं समजू नका. 1981च्या हवा प्रदूषण कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात राज्य सरकारला नेमका हाच अधिकार दिलेला आहे: क्षेत्र जाहीर करा आणि तिथं मान्य इंधन, मान्य उपकरण यांखेरीज काही वापरू देऊ नका. घरच्या चुलीपर्यंत हा हात सहसा पोहोचत नाही, इतकंच. पण जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा पाववाल्यांची धावपळ झालीच. आपलं शहरही 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ‘औरंगाबाद’ या तेव्हाच्या नावानं हवेत नापास झालेल्या शहरांच्या यादीत होतं. त्यात रस्त्यांची धूळ आहे, वाहनं आहेत, कारखाने आहेत. चूल तेवढी निरपराध आहे असं मात्र म्हणता येणार नाही.

म्हणून शहरात किंवा शहरालगत राहणाऱ्यानं धूर जाळणारी चूल शोधावी. यातही दोन जाती.

पहिली साधी, पंख्याविना. हिला ‘रॉकेट’ चूल म्हणतात. लॅरी विनियार्स्की या अमेरिकन माणसानं 1980च्या दशकात तिची तत्त्वं बसवली. आत इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा कोनात वळलेला मार्ग असतो. आडव्या तोंडातून बारीक लाकडं सरकवायची, उभ्या नळीतून ज्वाळा वर येते. नळीच्या भोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर असतं. त्यामुळे आतली धग टिकते आणि वायू पातेल्याला लागण्याआधी जळतात. लाकडांखाली जाळी हवीच, म्हणजे खालून हवा मिळते.

दुसरी पंख्याची. छोटा पंखा चुलीत हवा सोडतो, वायू जवळजवळ पूर्ण जळतात आणि ज्वाळा गॅससारखी दिसते. धूर हिचा सर्वांत कमी. पण पंखा चार्ज करावा लागतो, आणि बऱ्याच मॉडेलांत लाकडाचे बोटभर तुकडे आधीच भरून वरून पेटवावे लागतात. मध्येच तुकडे टाकले की धूर होतो.

दोन्हींसाठी भारतीय मानक आहे, आयएस 13152. त्यानुसार साध्या चुलीनं लाकडाच्या उष्णतेचा निदान 25 टक्के भाग भांड्याला दिला पाहिजे, पंख्याच्या चुलीनं 35 टक्के. तीन दगडांच्या चुलीत हा आकडा दहा-पंधराच्या आसपास घुटमळतो. धुरातल्या कणांचीही मर्यादा ठरलेली आहे: भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे साध्या चुलीला 350 मिलिग्रॅम, पंख्याच्या चुलीला 150. दुकानदाराकडे या मानकाच्या चाचणीचा कागद मागावा. तो नुसताच हसला तर पुढच्या दुकानात जावं.

पण कागदावर भाकरी होत नाही. प्रयोगशाळेत चूल तपासतात ती पातेल्यात पाणी तापवून. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी रुंद तव्यावर होते आणि मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यावर फुगते. रॉकेट चुलीची ज्वाळा मध्यभागी एकवटते. तवा मध्ये जळतो, कडा कच्च्या राहतात, आणि फुगवायला पुढं निखारे नसतातच. यावर थोडा उपाय आहे. जाड लोखंडी तवा घ्यावा, भाकरी फिरवत राहावी आणि फुगवायला चुलीवर जाळी ठेवावी. ज्या घरात दिवसाला वीस भाकऱ्या लागतात त्या घरानं मोठ्या तोंडाचीच चूल पाहावी. पिठलं हाटताना चूल डुगडुगता कामा नये, हेही बघावं.

माझा सल्ला असा, की चूल घ्यायला पुरुषानं एकट्यानं जाऊ नये. जी स्वयंपाक करते ती सोबत हवी. खरं तर निवड तिनंच करावी. जाताना घरचा तवा, पीठ आणि घरचंच सरपण न्यावं. विक्रेत्याची लाकडं वाळवून, तासून ठेवलेली असतात; त्यावर कुठलीही चूल छान पेटते. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीची फांदी, जे रोज जळतं तेच लावून बघावं. पेटवतानाचा धूर मोजू नये, तो होणारच. दहा मिनिटांनी वर बघावं आणि शेवटी तव्याची पाठ बघावी. दाट काळी काजळी धरली असेल तर ती चूल धूर जाळत नाही.

आणखी एक हिशेब लोक विसरतात. या चुलींना लाकूड बारीक लागतं. ते फोडायचं कुणी? कुऱ्हाडीचं काम घरातल्या बाईवरच पडणार असेल तर चूल महिन्याभरात कोपऱ्यात जाईल. विकतच्या इंधनावरही फार विसंबू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं बीपी कंपनीनं ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल काढली होती. शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्यांवर ती चाले. आपल्या राज्यातही ती खपली. एकूण चार लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. पुढं कांड्या महागल्या आणि घरोघरच्या चुली थंड पडल्या. चूल उत्तम होती.

लाकूड मात्र वाळलेलं हवं, याला पर्याय नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आधी ते पाणी उकळणार, मग लाकूड पेटणार. तोवर धूरच धूर. उन्हाळ्यात फोडून, पावसाळ्यात झाकून ठेवलेलं सरपण साध्या चुलीचाही धूर कमी करतं. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंग दिलेलं लाकूड पेटवणासाठीसुद्धा घालू नये.

कोळशाचा मार्गही आहे. ‘आरती’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा करून दाखवला. 2002 साली त्यासाठी ॲशडेन पुरस्कारही मिळाला. अशा थोड्याशा कांडीकोळशावर घराचा वरणभात होतो आणि धूर दिसत नाही. मात्र इथं सावध राहावं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात शेगडी खोलीत घेऊन, दारं लावून झोपल्यानं माणसं सकाळी उठत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लाकडाची सर्वांत चांगली चूलही गॅसच्या पंगतीला बसत नाही. घरातल्या धुरानं जगात वर्षाला सुमारे 32 लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा अंदाज आहे. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर सिलिंडर भाकरीसाठी आधी वापरावा आणि काटकसर दुसरीकडे करावी.

ती दुसरीकडची जागा म्हणजे अंघोळीचं पाणी. आणि इथं आपला लाडका बंब आडवा येतो. बंबात मधल्या नळीला चारी बाजूंनी गार पाणी असतं. ज्वाळा पुरती जळायच्या आधीच तिला थंड तांबं लागतं, ती विझते आणि धूर होऊन वर जाते. बंबाची घडणच तशी आहे. त्याला कितीही चांगलं लाकूड घाला, पहाटे गल्ली भरणारच. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने ऊन कडक असतं. गच्ची असेल तर सौरबंब बसवावा. गच्ची नसेल तर धूर जाळणाऱ्या चुलीवर झाकण ठेवून पातेलं तापवावं. जुने तांब्याचे बंब हल्ली हॉटेलांच्या दारात घासूनपुसून शोभेला ठेवतात. तिथं ते खरंच छान दिसतात.