कर्करोगाच्या कामाची वाटणी

कर्करोग हा एकच रोग नाही, हे आपण वर्गात सांगतोच. स्तनातील गाठ आणि यकृतातील गाठ यांची कारणे वेगळी, वागणूकही वेगळी. समान गोष्ट एक: पेशीतील डीएनएमध्ये झालेले बदल, म्हणजेच उत्परिवर्तने. प्रत्येक प्रकारात कोणती उत्परिवर्तने रोगाला कारणीभूत होतात, याची यादी करायची तर किती रुग्ण तपासावे लागतील?

हे गणित विद्यार्थ्यांनाही जमेल. समजा, एका जनुकातील बिघाड शंभरातील ३ रुग्णांत होतो. ५० रुग्ण तपासले तर तो एखाद-दोघांत दिसेल. गाठीत निरुपद्रवी बदलही भरपूर असतात, त्यामुळे हा योगायोग की रोगाचे कारण, हे ठरवता येणार नाही. ५०० रुग्ण तपासले तर तोच बिघाड साधारण १५ जणांत सापडेल. मग त्याची दखल घ्यावीच लागते. शिवाय प्रत्येक रुग्णाचा जनुकसंच दोनदा वाचायचा, एकदा गाठीतला आणि एकदा रक्तातील किंवा इतर निरोगी पेशींतला. नाहीतर जन्मापासूनचे वेगळेपण कोणते आणि गाठीत नंतर झालेला बदल कोणता, हे कळणार कसे? एका जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात!

कर्करोगाचे ५० प्रकार, प्रत्येकाचे ५०० रुग्ण, म्हणजे २५,००० रुग्ण आणि ५०,००० वाचने. एका प्रकाराला सुमारे २ कोटी डॉलर लागतील, असा सुरुवातीचा अंदाज होता. म्हणून २००८ मध्ये अनेक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच संघ स्थापन केला. सगळ्यांनी वर्गणी काढून एक तिजोरी भरायची, अशी ही व्यवस्था नव्हती. ज्याने जो कर्करोग घेतला, त्याचा खर्च त्यानेच करायचा. जपानने विषाणूंमुळे होणारा यकृताचा कर्करोग घेतला, तर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने स्वादुपिंडाचा.

भारताने गाल आणि हिरड्यांचा कर्करोग घेतला. पैसा केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा. काम पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र यांचे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्या आपल्या देशात हा कर्करोग इतका आहे, की दुसऱ्या कोणी तो आपल्यासाठी अभ्यासावा, अशी वाट पाहणे शहाणपणाचे नव्हते. २०१३ मध्ये या गटाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी ५० रुग्णांतील प्रथिने घडवणारा डीएनए वाचला, मग वेगळ्या ६० रुग्णांत पडताळा घेतला. टीपी५३ सारखी परिचित जनुके सापडलीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवीही हाती लागली.

पण वाटणी करणे सोपे, जुळवणी कठीण. संघाची एक अट मला फार मोलाची वाटते: मूळ माहितीवर कोणीही मालकी हक्क सांगायचा नाही. ती सामायिक भांडारात ठेवायची. मात्र ज्या भागावरून रुग्ण ओळखू येण्याचा धोका असेल, तो परवानगीशिवाय उघडायचा नाही. दुसरी अडचण मोजमापाची. एकाच गाठीची अक्षरे दोन प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीने तपासली, तर उत्परिवर्तनांच्या दोन वेगळ्या याद्या निघू शकतात. मग देशोदेशींच्या याद्यांची तुलना कशी करणार? म्हणून पुढे २,६५८ रुग्णांचे संपूर्ण जनुकसंच पुन्हा एकदा, एकाच पद्धतीने तपासण्यात आले. ३७ देशांतील १,३०० हून अधिक संशोधक या कामात होते. २०२० मध्ये निष्कर्ष आले: एका गाठीमागे सरासरी ४ ते ५ कारक उत्परिवर्तने असतात, सुमारे ५ टक्के गाठींत मात्र एकही सापडले नाही.

या साऱ्यात एक उणीव राहिली होती. अक्षरे कोट्यवधी जमली, पण त्या रुग्णाला कोणते औषध दिले आणि त्याचा गुण आला का, याच्या नोंदी अनेक ठिकाणी तुटपुंज्या होत्या. म्हणून संघाने पुढच्या टप्प्यासाठी १ लाख रुग्णांचे उद्दिष्ट ठेवले आणि उपचारांच्या सविस्तर नोंदी त्यात अनिवार्य केल्या. रुग्णालयातील केसपेपर नीट भरला जातो की नाही, यावर आता बरेच अवलंबून आहे.