बिस्टर व्हिलेजला जायचं कसं? काही गैरसमज

लंडनला मुलामुलींकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या यादीत हल्ली बिस्टर व्हिलेज असतंच. ब्रँडेड कपडे, पर्स सवलतीत मिळतात म्हणून तिथे जायचं आणि वाचवलेले पैसे चुकीच्या प्रवासात घालवायचे, हे मला फार लागतं.

पहिला गैरसमज म्हणजे हे ठिकाण लंडनमध्ये आहे. ते ऑक्सफर्डशायरमध्ये आहे, लंडनपासून शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे लंडनचं ऑयस्टर कार्ड इथे चालत नाही; रेल्वेचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

‘बिस्टरला उतरलं की झालं’ हा दुसरा. गावात दोन स्टेशनं आहेत आणि लंडनच्या मॅरिलेबोनहून दोन्हीकडे गाड्या सुटतात. बिस्टर व्हिलेज स्टेशन (2015 पर्यंतचं बिस्टर टाउन) दुकानांना लागूनच आहे, गाडीला साधारण पाऊण-एक तास लागतो. बिस्टर नॉर्थला उतरलात तर वीसेक मिनिटं पायपीट, आणि येताना हातात पिशव्या.

‘चारपाच जण असलो की टॅक्सीच परवडते’ हे तर ठामपणे सांगितलं जातं. आपल्याकडच्या हिशेबाने ते पटतंही. पण तिथे 3 ते 9 प्रौढांनी गर्दीची वेळ टाळून एकत्र प्रवास केला, तर ‘ग्रुपसेव्ह’मध्ये तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. आजी-आजोबा आणि आई-बाबा एवढे चौघे त्यात सहज बसतात. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याहून लहानांना मोफत. टॅक्सीला रस्ता मोकळा असला तरी सव्वा-दीड तास लागतो. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल आणि घर मॅरिलेबोनपासून लांब असेल, तर मात्र टॅक्सी जरूर करा. तिथे पैशांचा विचार दुय्यम.

मुक्काम ऑक्सफर्डला असेल तर गणित बदलतं. रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटं. पण ऑक्सफर्ड पार्कवे हे शहराबाहेरचं स्टेशन आहे, तिथे घाईने उतरू नका, पुढच्या ऑक्सफर्ड स्टेशनला उतरा. एस5 बसला वेळ जास्त लागतो, तरी ती थेट शहराच्या मध्यात नेते. 2025 पासून इंग्लंडमधल्या बहुतेक बसना एकेरी भाड्याची 3 पौंडांची मर्यादा आहे, त्यामुळे ऑक्सफर्डसाठी मी बसच सुचवीन.

‘विमानतळावर व्हॅट परत मिळतो, त्यात गाडीभाडं सुटतं’ हा समज सर्वांत महागात पडतो. दुकानातून घेऊन स्वतःबरोबर नेलेल्या वस्तूंवरचा व्हॅट परत देण्याची पर्यटकांसाठीची सोय इंग्लंडमध्ये 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. तेव्हा जाण्यायेण्याचं भाडं वस्तूच्या किमतीत मिळवा आणि मगच ती पुण्या-मुंबईच्या किमतीशी ताडून पाहा.