गाडीतल्या गालिच्यावरचा तांबूस डाग

मोटारीत पाय ठेवायच्या जागेवरची रबरी मॅट उचलली, की खालच्या गालिच्यावर कधीकधी एक तांबूस-तपकिरी डाग दिसतो. साधारण रुपयाएवढा, मध्ये गडद आणि कडेकडेला फिकट होत गेलेला. आमच्या जुन्या गाडीत डाव्या बाजूला असा डाग मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी तो चिखलाचा समजलो. नुकतेच कोकणात जाऊन आलो होतो. तिथली तांबडी माती बुटांबरोबर आली असणार, असे वाटले. धुण्याची पावडर, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासत बसलो. डाग हलला नाही; वाळल्यावर तो उलट जास्तच उठून दिसू लागला. मग हट्टाला पेटून ब्लीच लावले. भोवतालचा राखाडी गालिचा पांढुरका पडला आणि मधला डाग नारिंगी होऊन अधिकच ठळक झाला.

रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाने हे करावे, याची चेष्टा घरात अजून होते. पण त्या डागाने मला जे विचार करायला लावले, त्यातले बरेचसे आठवी-नववीच्या वर्गात करून पाहण्याजोगे आहे. म्हणून हा लेख.

आधी एक मजेशीर गोष्ट. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचा तांबडा रंग आणि गंजाचा तांबूस रंग हे जवळचे नातलग आहेत. दोन्हींत लोहाची ऑक्साइडेच आहेत. मग चिखल बराचसा धुतला जातो आणि गंज का नाही?

फरक पदार्थात नाही, तो धाग्यावर कसा येऊन बसला यात आहे. मातीचे कण आधीच तयार झालेले असतात. ते बाहेरून येतात आणि धाग्यांच्या मध्ये अडकतात. साबणाचे रेणू त्यांना वेढतात, सुटे करतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. (अगदी बारीक कण तरीही राहतात. कोकणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना आपल्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग आठवत असेल.) गंजाचे तसे नाही. सीटच्या रुळाचा बोल्ट, एखादा खिळा किंवा जॅकची दांडी ओल्या गालिच्याला टेकून राहते, तेव्हा लोखंडातून प्रथम फेरस आयन बाहेर पडतात. हे पाण्यात विरघळलेले असतात, जवळजवळ बिनरंगी असतात. पाण्याबरोबर ते धाग्यांच्या फटींत, खोलवर आणि आजूबाजूला पसरतात. तिथे त्यांना हवेतला ऑक्सिजन भेटतो, ते फेरिक होतात आणि पाण्यात न विरघळणारा तांबूस साका धाग्यातच बसतो. म्हणजे चिखल बाहेरून येऊन बसतो, तर गंज धाग्याच्या आत जन्माला येतो. डाग खिळ्यापेक्षा नेहमी मोठा का असतो आणि त्याच्या कडा फिकट का असतात, याचेही उत्तर यातच आहे.

कापड रंगवणारे कारागीर हीच युक्ती मुद्दाम वापरतात. आंध्रातल्या कलमकारीत काळा रंग करण्यासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतात आणि ते पाणी हिरड्याचा संस्कार केलेल्या कापडावर लावतात. लोह धाग्यात शिरते, हिरड्यातल्या टॅनिनशी त्याचा संयोग होतो आणि काळा रंग पक्का बसतो. आपल्या गाडीतही हे घडू शकते. गंजाच्या डागावर चहा सांडला, तर तो निळसर काळा पडतो, कारण चहातही टॅनिनच्या जातीची द्रव्ये असतात. तेव्हा ‘चहाचा डाग काळा का पडला?’ असे कोणी विचारले, तर खाली गंज आहे का ते आधी पाहावे.

आता माझ्या दोन चुकांकडे येतो. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे तिचे पाणी आम्लारीधर्मी असते. फेरिक लोह अशा पाण्यात विरघळत नाही. साध्या पाण्यातही जवळजवळ नाहीच. धाग्यात थोडेफार फेरस लोह विरघळलेल्या स्थितीत शिल्लक असेल, तर सोड्यामुळे तेही साक्याच्या रूपात तिथेच बसते. हे वर्गात सहज दाखवता येते. प्रयोगशाळेतले हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चिमूटभर घेऊन पाण्यात विरघळवा आणि त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी थेंब थेंब घाला. लगेच हिरवट साका दिसतो. नळी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवा. वरचा थर तपकिरी झालेला असेल, कारण हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचे फेरिक केले. हे काम हवेला सावकाश जमते, ब्लीच ते झटपट करते. ब्लीच हा ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ आहे आणि आम्लारीधर्मीही आहे. चहा किंवा फळांच्या रसासारख्या रंगीत सेंद्रिय रेणूंना तो मोडतो म्हणून ते डाग जातात. गंजाला मात्र मोडण्यासारखे काही नाही. तो आधीच ऑक्सिडीकरण होऊन बसलेला पदार्थ आहे. मी गंजाला गंजायला मदत केली, एवढेच.

मग उलट दिशेने जायला हवे, म्हणजे आम्लाकडे. सामू एका अंकाने उतरला, की पाण्यात राहू शकणाऱ्या मोकळ्या फेरिक आयनांचे प्रमाण तत्त्वतः सुमारे हजारपट वाढते. पण नुसता आंबटपणा पुरत नाही. व्हिनेगर आंबट आहे, तरी गंजावर त्याचे काम मंद चालते. लिंबाच्या रसातले सायट्रिक आम्ल अधिक कामाचे, कारण ते व्हिनेगरातल्या आम्लापेक्षा तीव्र तर आहेच, शिवाय त्याच्या एका रेणूत लोहाला धरणारी अनेक टोके असतात. खेकडा नांग्यांनी भक्ष्य धरतो, तसा हा रेणू लोहाचा आयन एकाच वेळी अनेक बाजूंनी धरतो. धरलेला आयन पाण्यात राहतो आणि पुन्हा साका होऊन बसत नाही. आपल्या आज्या चिंचेने पितळी भांडी लखलखीत करत, त्यात टार्टरिक आम्ल तांब्याच्या ऑक्साइडांशी असाच व्यवहार करत होते. गालिच्याला मात्र चिंच किंवा कोकम लावू नये. गंज जाईल आणि त्यांचा स्वतःचा डाग राहील.

वर्गात करण्यासाठी हा प्रयोग सोपा आणि खात्रीचा आहे. पांढऱ्या सुती कापडाचे सहा तुकडे घ्या. प्रत्येकात एकेक लोखंडी खिळा गुंडाळा आणि मिठाच्या पाण्याने ओले करून दोन-तीन दिवस ठेवा. (जस्ताचा मुलामा दिलेला खिळा नको.) छान डाग पडतील. मग सहा पेल्यांत साधे पाणी, साबणाचे पाणी, सोड्याचे पाणी, व्हिनेगर, लिंबाचा रस आणि सायट्रिक आम्लाचे द्रावण घेऊन एकेक तुकडा बुडवा. सायट्रिक आम्ल किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळते. एक चहाचा चमचा अर्ध्या कप पाण्यात पुरे. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी तुकडे शेजारी शेजारी मांडून मुलांनाच क्रम लावू द्या. वेळ असला तर सातवा तुकडा करा आणि सायट्रिक आम्लाच्या पेल्यात ‘क’ जीवनसत्त्वाची एक गोळी कुटून टाका. हे जीवनसत्त्व फेरिकचे क्षपण करून फेरस बनवते आणि फेरस पाण्यात सहज जाते. सहाव्या आणि सातव्या तुकड्यात काय फरक दिसतो, त्याची मुलांकडून नोंद करून घ्या. ऑक्सिडीकरण-क्षपण हा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा असा शिकवलेला बरा, असे माझे मत आहे.

कापडाचा तुकडा पेल्यात बुडवता येतो, गाडीतला गालिचा बुडवता येत नाही. तो नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचा असतो आणि त्याच्या खाली जाड नमदा किंवा फोम असतो. वर ओतलेले पाणी खाली झिरपते आणि तिथेच राहते. वरचा भाग वाळू लागला, की केशाकर्षणाने खालचे पाणी वर येते आणि येताना खाली उतरलेला मळही घेऊन येते. ‘काल धुतला, आज डाग परत आला’ ही तक्रार यातूनच येते. म्हणून ओतायचे नाही, टिपायचे. आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने सुटा गंज काढून घ्यावा. सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी द्रावण लावून रंग उतरत नाही ना, हे पाहावे. मग कोमट पाण्यात केलेले लिंबूसत्त्वाचे द्रावण ड्रॉपरने डागावर सोडावे, पंधरा-वीस मिनिटे ओले राहू द्यावे आणि पांढऱ्या फडक्याने दाबून टिपावे. फडक्यावर पिवळसर रंग आला, की लोह बाहेर पडते आहे असे समजावे. हे चार-पाच वेळा करावे लागते. घासू नये. शेवटी साध्या पाण्याने दोन-तीनदा टिपून, दारे उघडी ठेवून, पंखा लावून पूर्ण वाळवावे. आम्ल मागे राहिले तर ते खालच्या पत्र्याला खाईल.

याच कारणाने लिंबू आणि मीठ हा घरगुती उपाय मी गाडीत सुचवत नाही. धुता येणाऱ्या कपड्याला तो ठीक. गाडीत मीठ मागे राहते, हवेतला ओलावा ओढते आणि त्यातले क्लोराइड नवा गंज आणते. वरच्या प्रयोगात डाग पाडायला आपण मीठच वापरले, हे आठवा.

इतर डागांविषयी थोडक्यात. तेल किंवा ग्रीस असेल तर आधी टाल्कम पावडर टाकून शोषून घ्यावे, मग साबण. दूध सांडले किंवा घाटात मुलाला उलटी झाली, तर थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने प्रथिने गोठतात आणि वास मुक्कामाला राहतो. हळदीच्या डागाला सोडा लावला की तो लाल होतो, हे मुलांना माहीत असतेच. घाबरू नये, ऊन लागले की हळदीचा रंग विटतो. चिखल पूर्ण वाळू द्यावा.

एका गोष्टीवर मात्र घाई करून चालणार नाही. संडास साफ करण्याचे आम्ल बऱ्याच घरी असते आणि गंजावर ते झपाट्याने चालते, म्हणून लोक ते गाडीत वापरतात. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने नायलॉन कमजोर होतो आणि त्याच्या वाफांनी सीटचे रूळ गंजतात. पण खरा धोका वेगळा आहे. आधी ब्लीच लावले असेल आणि त्यावर आम्ल पडले, तर क्लोरिन वायू सुटतो. बंद गाडीत, खाली वाकून घासत असलेल्या माणसाच्या नाकाशी! मी त्या दिवशी ब्लीचनंतर लगेच लिंबू लावले असते, तर थोड्या प्रमाणात तेच झाले असते. लाँड्रीत गंजासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते लोहाला चांगले धरते, पण पोटात गेले तर विषारी आहे, मूत्रपिंडांना इजा करते. अळूच्या पानात त्याचा कॅल्शियम क्षार असतो, एवढ्यावरून त्याला घरचे समजू नये. रांगते मूल ज्या गालिच्यावर बसणार, तिथे ते नको. आणि बिनलेबलाच्या बाटलीतले ‘गंज काढायचे औषध’ तर मुळीच आणू नये. अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही आणि शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करते.

माझ्या डागाचे पुढे काय झाले? चार दिवस थांबून, साध्या पाण्याने ब्लीच पूर्ण टिपून काढले आणि मग लिंबूसत्त्व लावले. डाग जवळजवळ गेला. आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा उगवला. पुन्हा काढला, पुन्हा आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रश्न आला, की हे लोह येते कुठून? त्या जागी वर लोखंडाची एकही वस्तू नव्हती.

ओळखीच्या डेंटरकडे गाडी नेली. त्याने गालिच्याची कड उचलली, नमद्यावर हात दाबला आणि हात माझ्यासमोर धरला. तळव्यावरून पाणी ठिबकत होते. खालच्या पत्र्याला त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले, ते आरपार गेले आणि भोकातून रस्ता दिसला. मी वरून पुसत होतो आणि गंज खालून येत होता. त्या भोकावर माझ्या मुलीचे पाय असत.

पाणी पावसाचे नव्हते. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ जमून पाणी होते आणि ते एका बारीक नळीने गाडीखाली सोडलेले असते. ती नळी धुळीने तुंबली होती, त्यामुळे पाणी उलटे गाडीत, गालिच्याखाली उतरत होते. हे तपासणे सोपे आहे. दमट दिवशी उभ्या गाडीत पंधरा मिनिटे एसी चालू ठेवा आणि खाली वाकून पाहा. पाण्याचे थेंब पडायला हवेत. पडत नसतील आणि आत डाव्या बाजूचा गालिचा ओलसर लागत असेल, तर नळी तुंबलेली असण्याची शक्यता बरीच आहे. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोके असतात, पुढच्या काचेखाली पाने साचतात. त्याही जागा पावसाळ्याआधी बघाव्यात. डाग वरून आला की खालून, याची साधी खूण म्हणजे गालिचा उलटून पाहणे. ज्या बाजूला डाग मोठा आणि गडद, तिकडून तो आला.

डेंटरने कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवला, नळीतला गाळ हवेच्या झोताने काढला. नमदा आम्ही तीन दिवस गच्चीवर वाळवला. त्यानंतर तांबूस डाग आलेला नाही. ब्लीचने पडलेला पांढुरका पट्टा मात्र तसाच आहे. त्यावर मॅट टाकली आहे.