स्टॅनले : वादळापलीकडचें बंदर

सागरप्रवासाच्या कथांत वादळांचें वर्णन पानेंच्या पानें चालतें. बंदराचा उल्लेख मात्र एका ओळींत आटोपतो. वस्तुतः पांथस्थाला जशी धर्मशाळा, तसें नाविकाला बंदर. अशाच एका दूरच्या बंदराची ओळख आम्ही आज वाचकांस करून देणार आहोंत.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें ४८० किलोमीटर पूर्वेस, अटलांटिक महासागरांत फॉकलंड बेटें आहेत. १८४५ पासून त्यांची राजधानी स्टॅनले. गांव लहान, वारा अखंड, आणि जानेवारी महिना म्हणजे तेथील उन्हाळा. एकेकाळीं केप हॉर्नच्या वादळांत घायाळ झालेलीं शिडाचीं जहाजें मोडक्या डोलकाठ्यांनिशीं येथें शिरत. परंतु दुरुस्तीचा खर्च इतका जबर असे कीं, कित्येक जहाजें तेथेंच टाकून द्यावीं लागत. १८७९ सालीं बांधलेल्या ‘लेडी एलिझाबेथ’ या जहाजाची १९१३ सालीं हीच गत झाली. १९३६ सालीं तें बंध तुटून वाहत जाऊन रुतलें, व त्याचा सांगाडा अद्याप तेथें गंजत उभा आहे. १९१४ सालीं पनामाचा कालवा खुला झाला आणि ही वाटच ओस पडली.

जानेवारी २०१८ मध्यें याच बंदरांत ‘तारिणी’ ही आपल्या नौदलाची शिडाची नौका विसाव्यास आली. गोव्यांतील दिवाडी बेटावर बांधलेली ही नौका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा महिला अधिकाऱ्यांनीं १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून हांकारली होती. न्यूझीलंडमधील लिटल्टन सोडल्यापासून सुमारें चाळीस दिवस त्या समुद्रावरच होत्या. अशा मुक्कामांत दोरखंड व शिडें तपासावयाचीं, पाणी व शिधा भरावयाचा, पाळीच्या हांकेविना रात्रभर झोंपावयाचें, आणि वारा अनुकूल होतांच निघावयाचें. त्या केपटाऊनकडे निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजीं गोव्यास सुखरूप परतल्या. २०२५ सालीं दिलना व रूपा या दोघीच अधिकारी हीच नौका घेऊन स्टॅनलेस थांबून गेल्या.

आमच्या पूर्वजांनीं समुद्रप्रवास वर्ज्य मानला होता. बौधायनानें त्याची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली आहे. मुलांच्या बाबतींत आपण तो निर्बंध केव्हांच सोडला. परंतु मुलीनें दूरच्या नोकरीचें वा शिक्षणाचें नांव काढतांच, “इतक्या लांब कशाला?” हा प्रश्न आजही कित्येक सुशिक्षित घरांतून उठतो. प्रश्नामागें माया असते, हें आम्ही जाणतों. तथापि त्या सहाजणींच्या आईबापांसही मायाच होती. ती त्यांनीं उंबरठ्याशीं आडवी घातली नाहीं.

घर हें बंदरासारखें असावें. थकलेल्यास तेथें विसांवा मिळावा, मोडलेलें सांधलें जावें, शिदोरी बांधली जावी. आणि वेळ येतांच घरच्यांनींच आपल्या हातानें दोर सोडावा. बंदरांत कायमच्या राहिलेल्या जहाजाचें काय होतें, तें ‘लेडी एलिझाबेथ’च्या सांगाड्यावरून कळतें.