रेडिएटर भरला, पण हवेचं काय?

मांजरीहून हडपसरमार्गे सासवडला माल नेणाऱ्या टेम्पोची खरी परीक्षा दिवे घाटात होते. कूलंट नुकताच बदललेला, रेडिएटर काठोकाठ भरलेला, तरी चढावर काटा लालकडे सरकतो. अशा वेळी दोष रेडिएटरला किंवा पंपाला दिला जातो. माझ्या मते आधी संशय घ्यावा तो आत अडकलेल्या हवेचा. पाण्याच्या मानाने हवा उष्णता फारच कमी वाहून नेते. इंजिनाच्या माथ्याशी हवेचा फुगा बसला, की तेवढा धातू कोरडाच तापतो. पंपात हवा शिरली तर कूलंट फिरतच नाही. तापमानाचा सेन्सर हवेत सापडला, तर काटाही फसवतो.

‘हवा चालता चालता आपोआप निघते,’ असं म्हणतात. काही गाड्यांत ते खरंही आहे. पण हीटरची नळी रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच असेल, तर हवा तिथेच दडून बसते. म्हणून इंजिन थंड असताना गाडीचं तोंड चढाकडे करावं, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि कूलंट बारीक धारेने ओतावा. हवा काढायचा स्क्रू असल्यास तो सैल करावा. आधी फुसफुस होते, मग फेसाळ थेंब येतात, शेवटी सलग धार लागते. तेव्हाच तो आवळावा. मग थर्मोस्टॅट उघडून वरची नळी तापेपर्यंत इंजिन चालू ठेवावं आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरावी. गरम झाकणाला मात्र हात लावू नये. दाबाखालचा कूलंट शंभर अंशांपुढेही द्रव राहतो आणि झाकण सैल होताच उसळून भाजतो.